बंदिवानांचे ऋण आणि डोंगराची वाट
(महोत्सवी वर्षात धर्मग्रामाच्या सभेपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या धर्मग्रामाचे हे महोत्सवी वर्ष आहे. या वर्षात कोणते कार्य हाती घ्यावे याविषयी गेले काही महिने आपल्यात विचारविनिमय चालू आहे. आपल्या तरुण मंडळाने त्यासाठी एक सूचना आम्हांपुढे ठेवली आहे. ती अशी की, मंडळींनी एकत्र जाऊन देवगिरीचा किल्ला पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढावा. प्रत्येक चढणाऱ्याच्या नावे घराघरांतून वर्गणी जमवावी. आणि जे सैनिक युद्धात शत्रूच्या हाती सापडून बंदिवासात राहिले, त्यांच्या सन्मानार्थ ती रक्कम खर्च करावी.

सूचना ऐकून कित्येकांस आनंद झाला. कित्येकांनी शंका काढल्या. शंका काढणाऱ्यांवर आमचा यत्किंचितही रोष नाही. ज्या कार्यास शंका विचारली जात नाही ते कार्य बहुधा मनापासून होतही नाही. शंका तीन आहेत. पहिली, जो लढता लढता पडला त्याचा सन्मान समजतो, परंतु जो शरण गेला त्याचा सन्मान कसला? दुसरी, दान द्यावयाचे तर घरी बसून देता येते, त्यासाठी डोंगर चढण्याचे प्रयोजन काय? तिसरी, आपल्या ख्रिस्तमंदिराच्या दर्शनी भिंतीचे काम अर्धे राहिले असता महोत्सवाच्या वर्षी पैसा बाहेर का जावा? या तिन्ही शंकांचा विचार आज आम्ही आपल्यासमोर क्रमाने करणार आहोत.

आपला जालना जिल्हा सपाट, काळ्या मातीचा. कपाशी, ज्वारी आणि मोसंबी यांवर आपली घरे चालतात. मोठे डोंगर आपल्या वाट्यास आलेले नाहीत. उत्तरेस भोकरदनच्या पलीकडे अजिंठ्याच्या रांगा दिसतात एवढेच. तथापि युद्ध या मुलखास अपरिचित नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जिल्ह्यातील असई गावाजवळ इंग्रज व मराठे यांची घोर लढाई झाली, आणि पुढे जालना शहरात दीर्घकाळ लष्कराची छावणी होती. सेनापतींची नावे इतिहासात राहिली. सामान्य शिपायांपैकी कोण घरी परतला, कोण कोणाच्या हाती सापडला, हे कोणी लिहून ठेवले नाही. आमच्या आजच्या बोलण्याचा विषय तोच न लिहिलेला भाग आहे.

प्रथम पहिली शंका घेऊ.

कोकणात व सातारा भागात प्रवास करणाऱ्यांनी पुष्कळ गावांतून एक लहानशी संगमरवरी पाटी पाहिली असेल. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने त्या पाट्या बसविल्या. या गावातून महायुद्धास इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर असतो. म्हणजे पाटीवर आकडे दोनच. गेलेल्यांचा एक आणि मेलेल्यांचा एक. या दोन आकड्यांच्या मध्ये जो उरला, जो गेला, परंतु मेला नाही, आणि बंदिवासात वर्षे काढून एके दिवशी गावाच्या वेशीवर येऊन उभा राहिला, त्याच्यासाठी त्या पाटीवर निराळा आकडा नाही.

असे लोक थोडे नव्हते. मेसोपोटेमियात, म्हणजे सांप्रतच्या इराकात, कुत-अल-अमारा या गावी जनरल टाउनशेंड यांची सेना ७ डिसेंबर १९१५ पासून वेढली गेली. त्या सेनेस सहावी पुणे डिव्हिजन असे नाव होते, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपले, घोडे व खेचरे मारून खाण्याची पाळी आली, पुष्कळ हिंदी शिपायांनी दीर्घकाळ ते मांस नाकारले आणि अंगाची हाडे होऊ दिली. सोडविण्यास आलेल्या फौजा वाटेतच थोपविल्या गेल्या. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापतीच्या आज्ञेने सुमारे १३,००० माणसे शत्रूच्या स्वाधीन झाली. त्यानंतर वाळवंटातील पायपीट आली. वाटेत किती पडले आणि पुढे छावण्यांत किती रोगाने गेले त्याची गणती हजारांत होते. जे जगले त्यांतील पुष्कळ हिंदी शिपायांस रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामास जुंपण्यात आले.

आता विचारावे की, यांत शिपायाचा अपराध कोणता? शस्त्र खाली ठेवण्याचा निर्णय त्याने केला नव्हता. १४७ दिवस उपाशी राहून जो पहाऱ्यावर उभा राहिला, त्याला भित्रा कोण म्हणेल?

दुसऱ्या महायुद्धातही तेच झाले. २१ जून १९४२ रोजी आफ्रिकेतील तोब्रुक पडले तेव्हा सुमारे ३३,००० सैनिक बंदिवान झाले. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले, आणि तेथे सापडलेल्या हिंदी सैनिकांची संख्या चाळीस हजारांहून अधिक होती. हे सर्व कोणाचे तरी पुत्र, पती, बाप होते. घरी तार येई, तीत मनुष्य बेपत्ता आहे एवढेच असे. कुंकू ठेवावे की पुसावे हे त्या घरच्या स्त्रीस कळत नसे. ज्या घरी मृत्यूची बातमी येते तेथे रडून मोकळे होता येते. जेथे काहीच बातमी येत नाही, तेथे दुःखाला दार सापडत नाही.

आणि आपल्या मराठी इतिहासात तर बंदिवासाचा मान सर्वांत मोठ्या घराने मिळविलेला आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला. महाराणी येसूबाई व सात वर्षांचे बाळ शाहू हे गडावरून बंदिवान होऊन खाली उतरले. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटले. परंतु माता ओलीस म्हणून मागेच राहिली. ती परत आली १७१९ मध्ये, म्हणजे सुमारे तीस वर्षांनी. आज हजारो लोक रायगड चढतात, आणि योग्यच करतात. राज्याभिषेक झाला ती जागा ते पाहतात. परंतु त्याच पायऱ्यांवरून एक विधवा स्त्री लहान मुलाचे बोट धरून शत्रूच्या छावणीकडे उतरली, हे किती जणांच्या ध्यानात येते? शरण जाण्याने मान जातो असे म्हणणाऱ्यांनी येसूबाईंचे स्मरण करावे. त्यांच्या धीराने राज्याचा वारस जगला.

बंधुभगिनींनो, बंदिवानाचा सन्मान म्हणजे पराभवाचा सन्मान नव्हे. दीर्घकाळ, कोणी पाहत नसता, माणूसपण टिकवून ठेवणे हेही शौर्य आहे, आणि त्याला पदके क्वचित मिळतात, म्हणूनच ते आपण लक्षात ठेवावयाचे आहे.

आता दुसरी शंका: डोंगर कशास चढावयाचा?

याचे उत्तर देण्यास आम्ही आपल्यास इटली देशात घेऊन जातो. तेथे आब्रुत्सो प्रांतात मायेल्ला नावाचा पर्वत आहे; त्याचे सर्वोच्च शिखर २,७९३ मीटर उंच आहे. पर्वताच्या अलीकडे सुल्मोना हे गाव, पलीकडे कासोली. सुल्मोनाजवळ मोरोने डोंगराच्या पायथ्याशी दुसऱ्या महायुद्धात युद्धबंद्यांची छावणी होती. तिच्या वरच्या कड्यात एका तपस्व्याची गुहा आहे. तो तपस्वी पिएत्रो १२९४ मध्ये पोप निवडला गेला आणि पाचवा सेलेस्टीन हे नाव त्याने घेतले. त्याच वर्षी १३ डिसेंबरला त्याने स्वेच्छेने पोपपद सोडले, आणि पुढे त्याच्या उत्तराधिकाऱ्याने त्यास फुमोने येथील किल्ल्यात अडकवून ठेविले. १२९६ मध्ये तेथेच त्याने देह ठेवला. ख्रिस्तसभा त्यास संत म्हणून पूजिते. म्हणजे त्या छावणीतील कैद्यांच्या डोक्यावर जी गुहा होती, ती कैदेत मरण पावलेल्या एका संताची होती.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने युद्धविराम जाहीर केला. त्या समयी त्या देशात मित्रराष्ट्रांचे सुमारे ८०,००० युद्धबंदी होते. आब्रुत्सोतील आवेत्सानो येथे हिंदी सैनिकांचा मोठा तळ होता. पहारेकरी निघून गेले, दारे उघडली. परंतु लागलीच जर्मन फौजा येऊन ठाकल्या. हजारो कैदी डोंगरांत शिरले. अंगावर फाटके कपडे, भाषा येत नाही, हिवाळा तोंडावर. त्यांतही गोऱ्या सैनिकास शेतकऱ्याचा अंगरखा घालून लपविणे एक वेळ शक्य होते. आपल्या सावळ्या वर्णाच्या माणसास तेही कठीण.

तेथे त्यांस कोणी वाचविले? डोंगरातल्या शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी, विधवांनी, खेड्यांतल्या धर्मगुरूंनी. कैदी पकडून देणाऱ्यास १,८०० लिरांचे बक्षीस होते, आणि आश्रय देणाऱ्यास मृत्यूची शिक्षा. बक्षिसाची रक्कम त्या गरिबांच्या दृष्टीने मोठी होती. तरीही गावोगावच्या लोकांनी कैद्यांस गोठ्यांत, गवताच्या गंजीत, गुहांत लपविले आणि आपल्या ताटातले अर्धे त्यांस दिले. अन्वेर्सा गावच्या मिकेले देल ग्रेको नावाच्या मेंढपाळास याच कारणास्तव डिसेंबर १९४३ मध्ये गोळी घालण्यात आली. त्या लोकांनी आपल्या दाराशी आलेल्याचा धर्म विचारला नाही, देश विचारला नाही. आदल्या दिवसापर्यंत तो त्यांच्या राष्ट्राचा शत्रू होता याचाही हिशेब त्यांनी ठेवला नाही.

लपलेल्यांतील पुष्कळांनी मायेल्ला ओलांडून पलीकडे जाण्याचे धाडस केले. वाटेतील ग्वादो दी कोच्चा ही खिंड १,६७४ मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईहून थोडी अधिक उंची, आणि तीही बर्फातून, रात्रीच्या अंधारात, पाठीवर शत्रू असता. कोणी पोचले, कोणी पकडले गेले, कोणी बर्फात राहिले.

त्या पर्वतापलीकडे, सांग्रो नदीच्या काठी, नोव्हेंबर १९४३ मध्ये कोण लढत होते हे आपण ऐकावे. आठवी हिंदी डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. एकाच रेजिमेंटचे काही जवान तोब्रुकला सापडून बंदिवान, आणि काही त्याच देशात बंदुका घेऊन पुढे सरकणारे. सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात, ज्यांच्या देहांस अग्नी देण्यात आला अशा ५०० हून अधिक हिंदी सैनिकांचे स्मारक आजही उभे आहे. पुढे १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या पलटणीचे यशवंत घाडगे वरच्या तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचे नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांस वाचविले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोने गावाने जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ छायायंत्र, म्हणजे सूर्यावर चालणारे घड्याळ, उभारले आहे. वीरांस स्मारके झाली ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु बंदिवानांचे स्मारक कोणते? ते पाषाणाचे नाही, पायवाटेचे आहे. सुल्मोनापासून कासोलीपर्यंत तीच जुनी पळवाट २००१ पासून दरवर्षी लोक चालत जातात. तिला स्वातंत्र्याची वाट म्हणतात. पहिल्या वर्षी इटलीचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष चाम्पी स्वतः उपस्थित राहिले, कारण तरुणपणी, १९४४ च्या मार्चमध्ये, त्यांनीही हाच पर्वत ओलांडून सुटका करून घेतली होती. आणि इंग्लंडात कीथ किल्बी नावाच्या माजी युद्धबंद्याने १९८९ मध्ये मोन्ते सान मार्तिनो नावाचा एक न्यास काढला. ज्या शेतकऱ्यांनी आपल्यास भाकर दिली त्यांस आता काय द्यावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने उत्तर काढले की, त्यांच्या देशातील तरुण मुलामुलींस इंग्लंडात येऊन शिकण्यास शिष्यवृत्ती द्यावी. त्या शिष्यवृत्तीसाठी लोक डोंगरवाटा चालतात, आणि चालणाऱ्यांच्या नावे परिचित मंडळी पैसे देतात.

आपल्या तरुण मंडळाची सूचना हुबेहूब याच मासल्याची आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. डोंगर चढल्याने बंदिवानाचे दुःख कमी होत नाही, हे खरे. परंतु ज्याने घामाने शर्ट भिजवून चार टप्पे चढले, त्यास उपाशी माणसाने बर्फातून खिंड कशी ओलांडली असेल याची थोडी तरी कल्पना येते. घरी बसून दिलेला रुपया हाताने दिलेला असतो. चालून मिळविलेला रुपया देताना देणाऱ्याच्या पायांसही ते दान आठवते. शिवाय दहा घरी जाऊन वर्गणी मागताना कारण सांगावे लागते, आणि कारण सांगता सांगता जे कोणी कधी ऐकले नाही ते दहा घरांत ऐकले जाते. पाटीवर ज्याला आकडा नाही, त्याची गोष्ट अशा रीतीने गावात पोचते.

देवगिरी निवडला हेही योग्यच झाले. तो डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच, सभोवार तासलेला कडा, भोवती खंदक, आणि मधून अंधारीचा तो भुयारी मार्ग. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा १६८७ मध्ये राज्य गमावून बंदिवान झाला, त्यास याच किल्ल्यावर ठेविले होते, आणि मृत्यूपर्यंत तो येथेच राहिला. चिनी महालाजवळून जाताना मुलांनी क्षणभर थांबावे एवढी आमची सूचना आहे.

आता तिसरी शंका, आणि ती आम्ही सर्वांत गंभीर मानतो, कारण ती आपल्या तिजोरीची आहे.

महोत्सव हा शब्द आपण सहज वापरतो. पवित्र शास्त्रात महोत्सवाच्या वर्षाचा अर्थ काय सांगितला आहे ते पाहावे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून देशभर सुटकेची घोषणा करावयाची असे; जो विकला गेला तो मोकळा व्हावा, जो दूर गेला तो आपल्या कुळाकडे परतावा. आणि प्रभू येशू ख्रिस्ताने नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून आपल्या कार्याचा आरंभ सांगितला, त्यातही बंदिवानांच्या सुटकेची घोषणा होती. म्हणजे सुटका हा महोत्सवाचा मूळ गाभा आहे. मंडप, पताका, भोजन ही त्याची शोभा. ज्या महोत्सवात कोणाचीच बेडी सैल झाली नाही, त्याचा हिशेब प्रभूपुढे कसा ठेवावा हे आम्हांस उमजत नाही.

ख्रिस्तसभेने हे ओळखले होते. ११९८ मध्ये संत योहान द माथा यांनी पवित्र त्रैक्याचा संघ स्थापिला व पोप तिसरे इनोसंट यांनी त्याचा नियम मान्य केला. त्या नियमात असे होते की, संघाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बंदिवानांच्या सुटकेसाठी राखून ठेवावा. मठाचे छप्पर गळत असले तरी तो हिस्सा त्यासाठी मोडावयाचा नाही, असाच त्याचा आशय आम्ही घेतो. १२१८ मध्ये बार्सेलोना येथे संत पेत्रो नोलास्को यांनी दुसरा संघ काढला; त्याचे सदस्य नेहमीच्या तीन व्रतांवर चौथे व्रत घेत, की प्रसंग पडल्यास बंदिवानाच्या जागी आपण ओलीस राहू. हे संघ गावोगाव फिरून नाणे नाणे जमवीत. स्पेनचा जगप्रसिद्ध ग्रंथकार सर्व्हान्तेस पाच वर्षे अल्जीर्स येथे कैदेत होता. १५८० मध्ये त्याची सुटका झाली ती त्रैक्यसंघाच्या धर्मबंधूंनी जमविलेल्या ५०० सुवर्णनाण्यांमुळे. कोणा अनामिक विधवेने दिलेली एखादी दमडीही त्यांत असेल. वर्गणीचा उपहास करू नये, तो एवढ्यासाठी.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण केवळ आपल्या बंदिवानांचेच स्मरण केले, तर ते अर्धेच स्मरण होईल. आपल्याही हाती किल्ल्या होत्या. अहमदनगर, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, तेथे १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धबंदी ठेविले होते. पहिल्या महायुद्धात मुंबई व पुणे येथील मिशनांत मराठी ख्रिस्ती जनतेची सेवा करणाऱ्या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंपैकी अनेकांस, केवळ ते शत्रुराष्ट्राचे म्हणून, नजरकैद भोगावी लागली, आणि बहुतेकांस हा देश सोडावा लागला. आपल्याला धर्मशिक्षण देणारे हातही एके काळी बंदिवान होते. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानचे सुमारे ९३,००० लोक भारताच्या ताब्यात होते. त्याच वेळी आपले वैमानिक दिलीप परुळकर रावळपिंडीच्या छावणीत होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान पाडले गेले होते. १९७२ च्या ऑगस्टात ते दोन सोबत्यांसह भिंतीस भोक पाडून निसटले, खैबरच्या डोंगरांत लंडी कोतलपर्यंत पोचले, आणि सरहद्द अगदी जवळ असता पकडले गेले. १९३२ मध्येच बंद झालेल्या लंडी खाना या रेल्वे स्थानकाची चौकशी केल्यामुळे लोकांस संशय आला. १ डिसेंबर १९७२ रोजी ते सोबत्यांसह मायदेशी परतले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पिढीचे थोडेच लोक आता उरले आहेत. सन्मान करावयाचा तर तो ऐकावयास ते हयात असतानाच व्हावा.

ज्याने शस्त्र खाली ठेवले तो शत्रू राहत नाही, मनुष्य उरतो; १९४९ च्या जिनिव्हा कराराचे मर्म हेच आहे, आणि सुवार्तेचेही. रोममध्ये मॉन्सिन्योर ह्यू ओफ्लाहर्टी नावाच्या आयरिश धर्मगुरूंनी १९४३-४४ मध्ये हजारो पळालेल्या बंदिवानांस लपविले. त्यांस पकडण्याची शिकस्त करणारा जर्मन अधिकारी काप्लर युद्धानंतर जन्मठेपेवर गेला, तेव्हा त्यास भेटावयास तुरुंगात नियमाने कोण जात असे? तेच ओफ्लाहर्टी. १९५९ मध्ये काप्लरला ज्ञानस्नानही त्यांनीच दिले. अंतिम न्यायाच्या दिवशी आपल्यास जे विचारले जाणार आहे त्यांत तुरुंगातल्याची भेट घेतली काय हा प्रश्न आहे. तो कैदी आपल्या बाजूचा होता काय, असा प्रश्न त्यांत नाही.

सबब आमचा प्रस्ताव असा. चढाईने जो निधी जमेल त्याचे तीन सारखे भाग करावेत. पहिला भाग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सशस्त्र सेना ध्वजदिन निधीस द्यावा. दुसरा भाग आपल्या परिसरातील माजी सैनिकांच्या व त्यांच्या विधवांच्या मुलानातवांच्या शिक्षणास द्यावा, आणि देताना धर्म अथवा जात विचारू नये. आब्रुत्सोच्या मेंढपाळांनी ती विचारली नव्हती. तिसरा भाग तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब कच्च्या कैद्यांच्या घरच्यांसाठी ठेवावा. जामिनाला दोन पैसे नाहीत म्हणून ज्यांचा बाप आत आहे, अशी लेकरे आजही आहेत. जमाखर्च पै पैचा लिहून मंदिराच्या दाराशी लावावा. दर्शनी भिंतीविषयी म्हणाल, तर ती आणखी एक पावसाळा विटांच्या अंगाने उभी राहील. आत येणाऱ्यांस तिने आजवर अडविले नाही.

निर्णय सभेचा आहे. आम्ही आमचे मत सांगितले; आपण उद्या घरी विचार करून पुढील रविवारी पवित्र मिस्सानंतर हात वर करावेत. ज्यांस हा खर्च पटत नाही त्यांनी मोकळ्या मनाने तसे सांगावे. त्यामुळे कोणाविषयीही आमच्या मनात अंतर पडणार नाही.

जाणाऱ्या तरुणांस चार शब्द. पहाटे लवकर निघावे, ऊन चढण्यापूर्वी वर पोचावे. पाणी पुरेसे घ्यावे. अंधारीत वटवाघळे असतात, विजेरी असावी. लहानांस मध्ये ठेवावे, आणि जो सर्वांत मंद चालतो त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. शर्यत लावू नये. माथ्यावर पोचल्यावर घोषणा करू नयेत. ज्यांची नावे पाटीवर नाहीत त्यांच्यासाठी एक स्वर्गीय बापा, एक नमो मरिया, असे शांतपणे म्हणावे. आणि उतरताना येसूबाईंचे स्मरण ठेवावे, कारण चढणे सर्वांस आठवते, बंदिवानाच्या वाट्यास उतरणे येते.

पुष्कळ वृद्ध मंडळी आमच्यापाशी म्हणाली की, आमच्याने डोंगर होत नाही. त्यांनी पायथ्याशी थांबावे आणि उतरून येणाऱ्यांसाठी भाकरी बांधून ठेवाव्यात. डोंगर उतरून आलेल्या भुकेल्यास भाकर देणाऱ्यांचा मान त्या चढणाऱ्यांहून कमी नाही, हे आज आपण पाहिलेच आहे.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामास आणि जगातील सर्व बंदिवानांस आशीर्वाद देवो.